बडोद्यात घराखाली वादळासाठी तळघर: खणायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कारेलीबागेत १९८४ सालचं, वीटकामाच्या भिंतींवर उभं असलेलं बैठं घर. मुलगा अमेरिकेत, ओक्लाहोमात असतो. त्याच्या गॅरेजच्या फरशीखाली एक पोलादी पेटी बसवलेली आहे आणि वादळाचा भोंगा वाजला की घरातले सगळे तिच्यात उतरतात. ते पाहून आल्यापासून वडिलांच्या मनानं घेतलं आहे की आपल्या बारा बाय चौदाच्या दिवाणखान्याखालीही पाच माणसांपुरती अशी खोली खणावी. ओळखीचा कडिया, म्हणजे गवंडी, म्हणतो, "साहेब, पंधरा दिवसांत करून देतो." होईल तेवढं घरच्या घरी आणि कमी खर्चात करायचं आहे. करावं का, आणि करायचं तर कसं?

मी बडोद्यात पस्तीसेक वर्षं स्ट्रक्चरल कन्सल्टंट म्हणून काम करतो आहे. जमिनीखालच्या टाक्या, दुकानांची बेसमेंटं, रावपुरा-वाडी भागातल्या कलत्या भिंतींना टेकू, यातच बहुतेक दिवस गेले. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. दिवाणखान्याखाली अजिबात खणू नका. मागच्या अंगणात खणता येईल, पण ते पंधरा दिवसांचं काम नाही आणि एकट्या कडियाच्या भरवशावर सोडायचंही नाही. आणि बडोद्यात तळघरात उतरावं असं वाटायला लावणारा दिवस खरंच उजाडला, तर तुमच्या आधी तिथे पाणी उतरलेलं असेल.

मुलाकडची पेटी कशासाठी आहे ते आधी पाहू. ओक्लाहोमात भीती टोर्नेडोची. तो मिनिटांत येतो, अरुंद पट्ट्यातून जातो आणि त्या पट्ट्यात सापडलेलं घर जोत्यापासून उचलतो. ३ मे १९९९ ला मूर या गावाजवळच्या टोर्नेडोत फिरत्या रडारनं ताशी ३०० मैलांच्या आसपासचा वारा मोजला होता. त्याच मूरमध्ये २० मे २०१३ ला पुन्हा तसलाच टोर्नेडो आला. २४ माणसं गेली, त्यातली सात मुलं एकाच प्राथमिक शाळेतली. इशारा मिळाला तर दहा-पंधरा मिनिटं आधी. तेवढ्यात कुठे पळणं होत नाही, म्हणून चार पावलांवर, घराच्या आतच उतरायची जागा लागते. आत बसायचं तेही फार तर तासभर.

तिथल्या फेमा या आपत्ती संस्थेची पी-३२० ही पुस्तिका अशा खोल्यांचे नकाशे देते. ताशी २५० मैलांच्या वाऱ्याला खोली टिकली पाहिजे. शिवाय साधारण सात किलोचा लाकडी वासा ताशी १०० मैल वेगानं भिंतीवर आणि दारावर आदळला तरी आत घुसता कामा नये. टेक्सास टेक विद्यापीठात ही चाचणी खरोखरच तोफेतून वासे मारून घेतात. ऐकायला गमतीचं वाटतं, पण तिकडची घरं लाकडी सांगाड्याची. ती फुटली की त्यांचे वासेच भाल्यासारखे उडतात.

मुलाकडे पूर्ण बेसमेंट नाही, नुसती पेटीच आहे, हे तुमच्या लक्षात आलं का? ओक्लाहोमातल्या बहुतेक घरांना बेसमेंट नसतं, कारण तिथली तांबडी चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. ती भिंतींना ढकलत राहते. म्हणून लोक जमिनीवरच काँक्रीटचा थर टाकून त्यावर घर बांधतात. ही कहाणी ओळखीची वाटायला हवी. आपली काळी माती तिचीच सख्खी बहीण आहे.

आणि त्या ओक्लाहोमातही भूमिगत आसऱ्यानं माणसं मेली आहेत. ६ मे २०१५ ला ओक्लाहोमा सिटीत टोर्नेडोचा इशारा आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले. एक बाई आपल्या घरच्या भूमिगत आसऱ्यात उतरली आणि आत शिरलेल्या पाण्यात बुडून गेली. त्याच्या दोन वर्षं आधी, ३१ मे २०१३ ला, पावसाच्या पाण्याच्या गटारात आसरा घेतलेली माणसं वाहून गेली होती. वाऱ्यापासून वाचायला खाली गेलं की पाण्याच्या वाटेत जातो, हे तिथले लोकही असं किंमत मोजून शिकले.

आता बडोदा. इमारतींवरच्या वाऱ्याचं आपलं मानक आय.एस. ८७५ भाग ३. त्यात बडोद्यासाठी मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद धरलाय, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. आपल्या ४४ मीटरला तो चौरस मीटरला साधारण १२० किलो होतो. फेमाच्या २५० मैलांना ७७० किलोच्या आसपास, म्हणजे साडेसहा पट. नीट बांधलेलं, वर आर.सी.सी. स्लॅब असलेलं वीटकामाचं घर १२० किलोला भीक घालत नाही. जातात ते पत्रे, होर्डिंग, रिकाम्या टाक्या, गच्चीचे सुटे कठडे, आणि झाडं.

टोर्नेडो भारतात होतच नाहीत असं म्हणणार नाही. १७ मार्च १९७८ ला दिल्लीत झाला होता आणि त्यात २८ जण गेले. बंगालच्या बाजूला तर ते बरेच होतात. पण बडोद्यात राहून त्यासाठी घराखाली खड्डा खणणं म्हणजे मांजराच्या भीतीनं वाघाचा पिंजरा विकत घेणं. आपल्याकडची वादळं अरबी समुद्रातून येतात, आणि ती दिवस-दिवस आधी कळतात. तौक्ते १७ मे २०२१ च्या रात्री उनाजवळ किनाऱ्याला लागलं, बिपरजॉय १५ जून २०२३ ला जखौजवळ. दोन्ही वेळा आपल्याला तीन-चार दिवस आधीपासून बातम्यांत त्यांचा नकाशा दिसत होता. इथे दहा मिनिटांची धावपळ नसते. इथे असतो रात्रभरचा, कधी दोन दिवसांचा पाऊस. तासभराच्या बसण्यासाठी केलेली पेटी त्याला उपयोगाची नाही.

२०२४ चा ऑगस्ट आठवा. २६ तारखेपासून जे झालं ते कारेलीबाग, समा, फतेहगंज, अकोटा यांना सांगायची गरज नाही. विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, आजवा तलावाचं पाणी, पावागढाकडून येणारं पाणी, सगळं एकाच पात्रात. ज्या तीव्र कमी दाबाच्या पट्ट्यानं हा पाऊस पाडला, तोच पुढे कच्छ ओलांडून अरबी समुद्रात गेला आणि ३० ऑगस्टला 'असना' नावाचं चक्रीवादळ झाला. म्हणजे वादळ आणि पूर या आपल्याकडे दोन वेगळ्या आपत्ती नाहीतच. तळघर केलंत तर ते ज्या रात्री लागेल, त्याच रात्री बुडेल. त्या आठवड्यात सोसायट्यांच्या आवारातून मगरी पकडून न्याव्या लागल्या होत्या. तळघरात सहावा सोबती कोण असेल, याचा विचार करा.

लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातली नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, पाहिली असेलच. पंधराव्या शतकापासून ती तिथे आहे. या मुलखात माणूस पायऱ्या उतरून जमिनीखाली गेला तो पाण्यासाठी. ते त्याला भेटायचंच.

माझा स्वतःचा धडा सांगतो, कारण त्यात चूक माझीच होती. नव्यानंच काम सुरू केलं होतं. वाघोडिया रोडच्या बाजूला एका बंगल्यासाठी पंधरा हजार लिटरची जमिनीखालची टाकी डिझाइन केली. टाकीच्या भिंती चोख, सळई चोख. आतून पाण्याची चाचणीसुद्धा झाली, थेंब गळला नाही. चाचणीनंतर टाकी रिकामी केली, आणि बाजूची भरणी 'उद्या करू' म्हणून राहिली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री जोराचा पाऊस झाला, खड्डा काठोकाठ भरला. सकाळी मालकांचा फोन: "टाकी वर आलीये." मला वाटलं पाणी वर आलंय. जाऊन पाहतो तर अख्खी टाकी एका बाजूनं आठ-नऊ इंच उचलून, नाव बांधल्यासारखी तिरकी उभी. आतल्या पाण्याचा हिशेब केला होता, बाहेरच्या पाण्याचा केला नव्हता. ती तोडून दुसरी केली, पदरचे पैसे घालून.

तळघर म्हणजे उलटी केलेली टाकी. टाकीत पाणी आत राहावं म्हणून धडपड, इथे बाहेर राहावं म्हणून. आणि टाकी निदान भरलेली असते. तळघर कायम रिकामं, म्हणजे कायम तरंगायला तयार.

हिशेब करून दाखवतो. बाहेरून ३ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, २.४ मीटर उंच अशी काँक्रीटची पेटी घ्या. साधारण १० फूट बाय सव्वाआठ फूट. घनफळ १८ घनमीटर. पाणी जमिनीच्या पातळीला आलं की तिला वर ढकलणारा जोर १८ टन. भिंती, तळ आणि वरचा स्लॅब २०० मिलिमीटर जाडीचे धरले तर काँक्रीट होतं सात घनमीटरच्या किंचित वर, वजन १७.७ टन. बघा, २०० मिलिमीटरच्या भिंती असलेली भक्कम पेटीसुद्धा तरंगायच्या काठावर. आणि नियम असा की वजन उचलणाऱ्या जोराच्या निदान १.२ पट हवं. मुलाकडच्यासारखी पोलादी पेटी घेतली तर विचारूच नका: आठ बाय पाच बाय पाच फुटांची पेटी पाण्यात साडेपाच-पावणेसहा टनांनी वर ढकलली जाते आणि तिचं स्वतःचं वजन जेमतेम टनभर. ती चारी बाजूंनी काँक्रीटमध्ये जखडावीच लागते. 'तयार पेटी आणून बसवली की झालं' हा सल्ला कुणी दिला तर त्याला ही बेरीज-वजाबाकी करायला सांगा.

उपाय सोपा आहे. तळाचा राफ्ट, म्हणजे काँक्रीटचा सलग थर, भिंतींच्या बाहेर चारी बाजूंनी ३०० मिलिमीटर वाढवायचा. मग त्या ओठावर बसलेली माती पेटीला धरून ठेवते. वरच्या पेटीत तेवढ्यानं पाण्यात बुडालेल्या मातीचं सहा टनांहून जास्त वजन मिळतं आणि आकडा १.२ च्या आरामात पलीकडे जातो. पण हे ओठ टाकायला खड्डा आणखी मोठा करावा लागतो, आणि दिवाणखान्यात नेमकी तीच जागा नाही.

घराखाली का नाही, ते आता. तुमच्या काळातल्या बैठ्या घरांचा पाया बहुधा चार-साडेचार फूट खोल असतो. भिंतीच्या दर मीटर लांबीमागे तीन-चार टन वजन तो खालच्या मातीवर टाकतो, आणि ते वजन सरळ खाली न जाता दोन्ही बाजूंना पसरत जातं. म्हणून पायाच्या कडेपासून ४५ अंशांत खाली रेघ ओढायची, आणि खड्डा त्या रेघेच्या आत घुसू द्यायचा नाही. पाया १.४ मीटरवर आणि खड्डा २.६ मीटरवर असेल तर खड्ड्याची कड पायापासून १.२ मीटर दूर हवी. दिवाणखाना ३.६६ बाय ४.२७ मीटर. दोन्ही बाजूंनी पायाचे पुढे आलेले ४० सेंटिमीटर वजा करा, वर १.२ मीटर वजा करा. उरतं दीड फूट बाय साडेतीन फूट. एवढ्यात समई ठेवता येईल, पाच माणसं नाहीत.

अंडरपिनिंग करून, म्हणजे जुन्या पायाखाली एकाआड एक मीटर-सव्वा मीटरचे तुकडे खणून, प्रत्येकात काँक्रीट भरून, ते पक्कं झाल्यावरच शेजारचा तुकडा उघडून, घराखाली खोल जाता येतं. मी केलं आहे. पण दर वेळी तिथे रोज हजर असणारा इंजिनियर होता आणि मालकानं घर रिकामं केलं होतं. तुमचा कडिया हे 'एक साइडनं खोदत जाऊ' असं करणार. त्यात भिंत बसते तेव्हा आवाज करून इशारा देत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते, दोन दिवसांनी दार घासायला लागतं, तोवर उशीर झालेला असतो. आणि काळ्या मातीत आणखी एक अडचण: चाळीस वर्षांत घराखालच्या मातीतली ओल एका ठरावीक पातळीला स्थिरावलेली असते. खड्डा उघडा ठेवला की ती सुकते, आक्रसते आणि जे खणलंच नाही तेही हलायला लागतं. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तीच माती.

तरीही खणायचंच असेल, तर अंगणात, घरापासून आणि कंपाउंडच्या भिंतीपासून लांब. पुढचं सगळं त्या गृहीतावर.

मागे निदान पंचवीस फूट रुंद मोकळी जागा नसेल तर खड्ड्याच्या बाजू धरून ठेवायला फळ्या आणि आडवे टेकू लागतील. दीड मीटरपेक्षा खोल उभा खड्डा आधार दिल्याशिवाय उघडा ठेवायचा नाही आणि त्यात माणूस उतरवायचा नाही. एक घनमीटर माती पावणेदोन-दोन टनांची असते. माणूस छातीपर्यंत गाडला गेला तरी छाती दाबली जाऊन आणि नंतर ओढून काढताना इजा होऊन जातो. उपसलेली माती काठावर रचू नका. ती फुगून साधारण सत्तर घनमीटर भरेल, म्हणजे ट्रॅक्टरच्या वीस-पंचवीस खेपा. त्या कुठे टाकायच्या ते आधी ठरवा. काम फक्त जानेवारी ते मे. कारेलीबागेतल्या जुन्या अंगणात विसरलेला खाळकुवा, म्हणजे सांडपाण्याचा शोषखड्डा, सापडतोच सापडतो. त्याच्या तोंडाशी वाकून बघू नका, त्यातला वायू एका श्वासात माणूस पाडतो. तळाशी दिवा सोडून बघायची जुनी रीत अपुरी आहे. विषारी वायू असला तरी दिवा जळत राहू शकतो. आणि महानगरपालिकेची परवानगी, इंजिनियरच्या सहीचा नकाशा. 'टाकी आहे' म्हणून खपवायचा सल्ला मिळेल, मी देणार नाही.

तळाशी आधी १०० मिलिमीटरचं साधं काँक्रीट, त्यावर वॉटरप्रूफिंग, मग राफ्ट. काँक्रीट एम-३० प्रतीचं, मिक्सरचं, हातानं फावड्यानं कालवलेलं नको. राफ्ट एका दमात ओतायचा आणि त्याच ओतकामात भिंतीचा १५० मिलिमीटर उंचीचा किकर, म्हणजे भिंतीची सुरुवात, घ्यायचा, म्हणजे सांधा तळाच्या कोपऱ्यात न येता थोडा वर येतो. त्या सांध्यात २३० मिलिमीटरची पाणी अडवणारी पी.व्ही.सी. वॉटरस्टॉप पट्टी. ही पट्टी कडिया हमखास विसरतो, किंवा सळईला बांधण्यासाठी तिला खिळा मारतो. तळघरं गळतात ती निम्म्याहून जास्त याच सांध्यात. सळई १२ मिलिमीटरची, दर दीडशे मिलिमीटरवर एक, दोन्ही तोंडांना, उभी आणि आडवी, ही सुरुवातीची कल्पना म्हणून सांगतो. नेमकं तुमच्या मातीच्या रिपोर्टवरून ठरेल. पाणी जमिनीला टेकलं की भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचा आडवा रेटा जवळजवळ तीन टन येतो, मातीचा वेगळा. नऊ इंची वीटकाम हे सहन करत नाही, कितीही सिमेंटचा गिलावा केला तरी. सगळं मिळून काँक्रीट आठ-नऊ घनमीटर आणि लोखंड नऊशे किलोच्या आसपास. दर बदलतात, मापं बदलत नाहीत, म्हणून रुपये सांगत नाही.

बाहेरून बॉक्स टाइप वॉटरप्रूफिंग: शहाबादी किंवा कोटा फरशीची पेटी, मधली पोकळी सिमेंटच्या ग्राउटनं भरलेली. आतून रंगासारखी केमिकलं फासून पाणी थांबत नाही, ते फक्त पोपडे पाडतं. भरणी उपसलेल्या काळ्या मातीची कधीच नाही. ती फुगून भिंत आत ढकलते. मुरूम किंवा न फुगणारी पिवळी माती, अर्धा-अर्धा फुटाचे थर, प्रत्येक थर ठोकून. आणि भरणी त्याच आठवड्यात. माझी टाकी आठवा.

आता दार, कारण माणसं दारानं मरतात. जमिनीला समतल झाकण असेल, अडीच फूट बाय अडीच फुटाचं, आणि त्यावर दोन फूट पाणी उभं राहिलं, तर झाकणावर साडेतीनशे किलो वजन. खालून शिडीवर उभ्या माणसाला ते उचलता येत नाही. आत उघडणारं केलं तर उघडताक्षणी सगळं पाणी आत. म्हणून तोंड विहिरीच्या कठड्यासारखं वर उचलायचं, काँक्रीटचंच, २०२४ च्या पुराची तुमच्या भिंतीवर जी रेघ राहिली आहे तिच्या निदान दोन फूट वर. कमरेएवढं पाणी आलं असेल तर कठडा पाच फुटांचा होतो. म्हणजे पाच फूट चढायचं, मग बारा फूट उतरायचं. तुमच्या सौभाग्यवतींचे गुडघे कसे आहेत?

हवेचा हिशेब कुणी करत नाही. आतली जागा ११ घनमीटर. शांत बसलेला माणूस तासाला वीसेक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. पाच माणसं, बंद पेटी: तीन तासांत अडीच टक्क्यांच्या पुढे. डोकं जड होतं, धाप लागते, आणि घाबरलेला माणूस त्याहून जास्त श्वास घेतो. चार इंची जी.आय.चे दोन पाइप हवेत, एक तळाजवळ उघडणारा आणि एक छताजवळ, दोन्हींची तोंडं कठड्याच्याही वर, बकासारखी मान खाली वाकवलेली, जाळी लावलेली. पी.व्ही.सी. पाइप नको, पहिल्या उडत्या पत्र्यानं तुटेल. आत गॅस, स्टोव्ह, जनरेटर, इन्व्हर्टरची बॅटरी काही नाही. कोपऱ्यात पाणी उपसायला खळगा ठेवा, पण पंप हातानं चालणारा ठेवा; वीज सगळ्यात आधी जाते. गटाराला जोडू नका. पुरात गटार उलटं वाहतं.

एवढं सगळं करून मिळणार काय, तर वर्षातून एकदा झुरळं मारायला उघडायची एक दमट खोली. आता माझ्या मनातलं सांगतो.

ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर किनाऱ्यावर आश्रयस्थानं बांधली गेली. ती बहुतेक खांबांवर उचललेली आहेत. खालून पाणी जाऊ द्यायचं, वरच्या मजल्यावर माणसं. वारा आणि पाणी एकदम येणाऱ्या मुलखात हेच बरोबर आहे. तुमच्या अंगणात त्याचंच छोटं रूप करता येईल: चार स्वतंत्र खांब, प्रत्येकाखाली साडेतीन मीटरच्या आसपास खोल, खाली फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत भोक पाडून ओतलेले काँक्रीटचे खांब. काळ्या मातीसाठीच ही पद्धत रुरकीच्या सी.बी.आर.आय.नं आपल्याकडे रूढ केली. वर सात-आठ फुटांवर आत सात बाय साडेआठ फुटांची खोली, १५० मिलिमीटरच्या आर.सी.सी. भिंती, वर स्लॅब, एक लोखंडी दार, दोन उंचावरचे झरोके. खाली स्कूटर उभी राहील. काँक्रीट मोजलं तर तळघराएवढंच लागतं, आठ-नऊ घनमीटर. खोदकाम मात्र चार भोकांचं. घराच्या पायाला धक्का नाही, तरंगायची भीती नाही, हवेचा प्रश्न नाही, आणि वर्षभर नातवंडांना अभ्यासाची खोली. खांबांना भूकंपाच्या दृष्टीनंही नीट डिझाइन लागेल, खाली मोकळं आणि वर जड अशी रचना त्यात नाजूक असते, म्हणून हे काम मात्र इंजिनियरशिवाय करूच नका.

आणि तेवढंही जमत नसेल तर यंदा पावसाआधी हे करून घ्या. मागच्या पडवीचे पत्रे हूक-बोल्टनं घट्ट करा. दहा बाय दहाच्या पत्र्याला आपल्या वाऱ्यात जवळजवळ टनभर वर ओढणारा जोर लागतो, आणि चार गंजके खिळे तो धरत नाहीत. वादळाचा इशारा आला की गच्चीवरची टाकी काठोकाठ भरा. हजार लिटरची भरलेली टाकी टनाची होते आणि जागची हलत नाही, वर प्यायला पाणीही राहतं. सोलरच्या पॅनेलचे बोल्ट कुणाकडून तरी पान्यानं तपासून घ्या. मीटरची पेटी पुराच्या रेघेच्या वर हलवा. पुराच्या पाण्यात शॉक लागूनही माणसं दगावतात. वारा जोराचा असेल तोवर मधल्या पॅसेजमध्ये, खिडक्यांपासून दूर बसा. पाणी चढायला लागलं की गच्चीच्या जिन्यात.

तळघराचा हट्ट सुटतच नसेल तर खड्ड्याआधी एक स्वस्त काम करा. अंगणाच्या ज्या कोपऱ्यात खणायचं आहे तिथे हाताच्या ऑगरनं, म्हणजे माती पोखरायच्या गिरमिटानं, चार इंच व्यासाचं, तीन मीटर खोल भोक घ्या. निघालेली माती फुटाफुटाला वेगळ्या पिशवीत ठेवा. भोकात छिद्रं पाडलेला पाइप सोडा, वर टोपण घाला. जूनपासून दर रविवारी दोरीला खडा बांधून आत पाणी किती वर आलं ते मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. दसऱ्यानंतर ते कॅलेंडर आणि त्या पिशव्या घेऊन कुठल्याही चांगल्या इंजिनियरकडे जा. पाणी एकदाही जमिनीखाली दोन मीटर या पातळीच्या वर आलं असेल, तर तो तुम्हाला काय सांगेल ते तुम्हाला आत्ताच माहीत आहे.